पानाचा वरचा भाग

बीबी, ता. लोणार
८ जानेवारी २०२४

ती. प्रेमानंददादास,
सुवर्णाचा कृ. सा. सलाम. वि. वि.

याही नाताळात तुझं येणं झालं नाही. पाळक होणाऱ्या मुलांचे परीक्षेचे पेपर तपासायचे होते असं मी आईला सांगितलं. देवाची परीक्षा घेता, मग त्यात नापास झालेल्यांचं काय करता, असं तिने विचारलं आहे. उत्तर तूच कळव.

फोनवर तिला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं ती मानत नाही. पत्र पुन्हा पुन्हा वाचून दाखवता येतं. म्हणून लिहिते आहे, आणि तूही लिहावंस असं वाटतं.

एक तारखेच्या सकाळी उपासनेनंतर पाळकांनी वचनाच्या कार्डांची परडी फिरवली. डोळे मिटून एक कार्ड उचलायचं, त्यावर शास्त्रातलं जे वचन निघेल ते वर्षभर आपलं. आईने परडी न बघताच पुढे सरकवली. मागचंच बाकी हाय, नवं काऊन घेऊ, असं ती दर वर्षी म्हणते, तेच म्हणाली. मागच्या बाकावरच्या बायका आता हसतही नाहीत.

आपला शंतनू घर सोडून गेला त्या वर्षी तू बंगळुरूला शिकत होतास, म्हणून पुन्हा सांगते. त्याने पंचफुलाबाईंच्या रेणुकाशी लग्न करायचं ठरवलं. बाबा म्हणाले, आधी तिचा बाप्तिस्मा, मग लग्न. तिकडे तिचे वडील प्रसेनजित गुरुजी म्हणाले, लग्न विहारात, नाहीतर नाही. दोघांनी दोन्ही घरी ऐकून घेतलं आणि जालन्याच्या एसटीत बसले. सुरतेहून एक फोन आला. पुढे तो नंबर लागेना. त्यानंतरच्या नव्या वर्षाला आईच्या हाती यिर्मयाचं वचन आलं, की मुलं परक्या देशातून आपल्या हद्दीत परत येतील. मीच तिला वाचून दाखवलं होतं. तिने दुसऱ्यांदा वाचायला लावलं नाही. एकदाच ऐकून तिला पाठ झालं.

बाबांच्या मातीला शंतनू आला नाही. त्या महिन्यापासून आई प्रभुभोजन घेत नाही. चर्चला येते, बाकावर बसते, भाकरीचं ताट आलं, पेला आला, की शेजारणीकडे देते. देवानं त्याचं पाळलं नाही, मी माह्यं काऊन पाळू, असं तिचं म्हणणं आहे.

आता मेहकरच्या डॉक्टरांनी सांगितलं की हृदय थकलं आहे, ऑपरेशन झेपणार नाही, गोळ्यांवर जितकं चालेल तितकं. मला एकच हवंय. ती अशी रुसलेली जाऊ नये. तू मुलांना जुना करार शिकवतोस. देवाने तिला फसवलं की नाही, ते तिला समजेल असं लिही. एक, दोन, तीन असे मुद्दे पाडू नकोस.

मनालीवहिनींना सलाम. इकडची आठवण राहू दे.

तुझी,
सुवर्णा


पुणे
२१ जानेवारी २०२४

चि. सुवर्णास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

नापास झालेल्यांपैकी बरेच पुढे चांगले पाळक होतात, असे आईला सांग.

तुझे पत्र दोनदा वाचले. आईला दिलासा वाटेल असे काहीतरी लिहिता आले असते. पण तिने मला कधी खोटे बोलू दिलेले नाही, म्हणून जे आहे ते लिहितो.

कार्ड छापणारे वचन त्याच्या जागेवरून कापून आणतात. यिर्मयाने ते सांगितले तेव्हा यरुशलेम पडत होते आणि लोकांना बाबेलास धरून नेत होते. त्या लोकांची फार जुनी आई राहेल मुलांसाठी रडते आहे, असे तो म्हणतो. तिला देवाने सांगितले की रडू नकोस, ती परत येतील. हे वचन एका लोकसमूहाला, एका काळात दिलेले आहे. पुढे त्यांतले काही परत आलेही. ते गोजरबाईला, शंतनूबद्दल, बीबीच्या पत्त्यावर आलेले नव्हते. दुसऱ्याचे टपाल आपल्या दारात पडले आणि आपण ते उघडले, असे झाले. तेव्हा देवाने आईला फसवले नाही. त्याने तिला ते सांगितलेच नव्हते.

तिचे जे आहे ते त्याच अध्यायात थोडे खाली आहे. माझे नियमशास्त्र माणसांच्या अंतःकरणावर लिहीन असा नवा करार मी करीन, असे देव तिथे म्हणतो. प्रभूने शेवटच्या भोजनात पेला उचलला तो याच करारासाठी. म्हणजे जे तिचे नाही त्याची ती वाट पाहते, आणि जे तिचे आहे ते शेजारणीकडे सरकवते. हे तिला हळू आवाजात वाचून दाखव.

औषधे वेळेवर चालू दे. तुझ्या शाळेचे काय ते कळव. आमच्यावरची माया आहे तशीच असू दे.

तुझा,
प्रेमानंद


बीबी
४ फेब्रुवारी २०२४

ती. दादास,
कृ. सा. सलाम. वि. वि.

तुझं पत्र वाचून दाखवलं. आई सुपात तूर घेऊन बसली होती. ऐकताना तिचे हात थांबले नाहीत. संपल्यावर तिने शास्त्र आणायला सांगितलं आणि तो अध्याय काढायला लावला. तिला अक्षर येत नाही, म्हणून तिच्या वचनावर मी तिचं बोट ठेवलं. मग नवा करार कुठे आहे ते विचारलं, तिथे दुसरं बोट ठेवलं. दोन्ही वचनं एकाच पानावर निघाली. ती बराच वेळ तशी बसली, दोन बोटं पानावर.

मग तिने जे विचारलं ते तिच्याच शब्दांत लिहिते, कारण तिने तसं बजावलं आहे. पानाचा वरचा भाग माहा नाही, तं खालचा कसा माहा झाला? दोन्ही त्याच लोकाईले सांगतलं ना? मंग पेला बी दुसऱ्याचंच टपाल हाय. प्रेमानंदाले म्हणा, पेन्सिल घे अन् पूर्ण शास्त्रावर खुणा करून धाड, गोजरबाईचं कोणतं अन् परक्याचं कोणतं. माहं नाही ते मी ऐकणार नाही. ऐकायचा वेळ बी आता थोडाच हाय.

दादा, तुझं पत्र बरोबर असेल. मी शिक्षिका आहे, बरोबर उत्तराला मीही पूर्ण मार्क देते. पण तू इथे नाहीस. जालन्याची गाडी यायच्या वेळेला ती आजवर दाराशी उभी राहायची. मला त्याचा वैताग यायचा, लोक बघतात म्हणून. तुझं पत्र आल्यापासून ती उठत नाही. गाडी आल्याचा आवाज येतो, ती भिंतीकडे बघत पडून राहते. जेवण निम्म्यावर आलं आहे. तिचा रुसवा जावा एवढंच मी मागितलं होतं. तू वाट पाहणंच काढून घेतलंस.

बाबांचा जुना मोबाइल, ज्याचा नंबर शंतनूला पाठ आहे, त्याला दर महिन्याला रिचार्ज मारायची आठवण तीच करायची. या महिन्यात केली नाही. मी न विचारता मारला.

खुणा करून पाठव, नाहीतर स्वतः ये.

रागावलेली, तरी तुझीच,
सुवर्णा


पुणे
२० फेब्रुवारी २०२४

चि. सुवर्णास,
आशीर्वाद. वि. वि.

पेन्सिल घेऊन बसलो होतो, हे खोटे नाही. एकही खूण करता आली नाही.

आईचा प्रश्न मी दर वर्षी परीक्षेत दहा गुणांसाठी घालतो. मुले दोन उत्तरे लिहितात. काही म्हणतात, ती वचने इस्राएलाचीच आहेत आणि त्यांच्यासाठीच राखून ठेवलेली आहेत. काही म्हणतात, ती सारी ख्रिस्तात पूर्ण झाली, आणि जे त्याचे ते वारस. नीट मांडले तर मी दोघांनाही गुण देतो. माझ्या आईला कोणते उत्तर द्यायचे याचा मी कधी विचार केला नव्हता.

आता करतो. आपल्याला ते पान मुळात मिळाले कसे? जैतुनाच्या झाडाला रानटी फांदी जोडली जावी तसे आपण परके लोक त्यांच्या झाडाला जोडले गेलो, असे प्रेषित पौल सांगतो. आपल्याकडे उलटे करतात. गावठी बोरीच्या खोडावर चांगल्या बोरीचा डोळा भरतात. रानटी फांदी चांगल्या झाडाला कोणी लावत नाही, आणि पौलालाही हे ठाऊक होते. हे रीतीविरुद्ध आहे असे तो स्वतःच म्हणतो. पण एकदा फांदी जोडली की मुळातले पाणी तिला अर्धेच चढेल असे नसते. खालचा भाग आईचा असेल तर वरचाही तिचाच आहे. मी चुकलो होतो.

मात्र ते वचन तिचे एकटीचे नाही, आणि त्यावर तारीख नाही. अब्राहामाला देवाने सगळा देश देऊ केला. तो म्हातारा झाला तरी तंबूतच राहत होता. त्याची बायको सारा वारली तेव्हा तिला पुरायला जागा नव्हती. परक्यांकडून एक शेत आणि त्यातली गुहा विकत घ्यावी लागली. वचनाच्या देशातले तेवढेच त्याच्या मालकीचे झाले. ही सगळी माणसे वचन हाती न येताच वारली, त्यांनी ते दुरून पाहिले आणि दुरूनच सलाम केला, असे नव्या करारात लिहिले आहे. हे वाक्य मी पुष्कळ प्रेतांपाशी वाचले आहे. त्यात केवढे वाट पाहणे भरले आहे, ते या आठवड्यात पहिल्यांदा कळले.

शंतनू येईल असे मी लिहू शकत नाही. येणार नाही असेही नाही. सुरतेला मी एकदा जाऊन आलो हे तुला सांगितले आहे. मोबाइलवर त्याचे नाव टाकून पाहतो. त्या नावाची पुष्कळ माणसे निघतात.

पाळकांनी मोठ्या गुरुवारी, गुड फ्रायडेच्या आदल्या रात्री, होणाऱ्या प्रभुभोजनासाठी मला बोलावले आहे. येतो. आईला म्हणावे, दाराशी उभी राहा.

तुम्हा दोघींचा,
प्रेमानंद


बीबी
५ मार्च २०२४

चि. प्रेमानंदले,
आईचा आशीर्वाद. सुवर्णा लिहून राह्यली, मी सांगून राह्यली. तिनं मधात आपलं शहाणपण घातलं तं मी वळखतो.

तुहं दुसरं पत्र बरं होतं. पहिल्यात तू मास्तर होता.

त्या अब्राहामाचं ऐकलं. तुह्या बापाचं बी तसंच झालं. जलमभर गावोगाव सायकलीवर वचन सांगत फिरला, स्वतःच्या नावावर शेवटी तेवढीच सहा फूट झाली. पन त्याले वाट पाहाची सवय नव्हती. आधी हे, मंग ते, असंच त्यानं पोराले म्हणतलं. देवानं अब्राहामाले आधी बोलावलं का आधी कायदा दिला, हे तू मले सांग. मले वाटते आधी बोलावलं.

तुहं पत्र मी पंचफुलाले बी वाचून दाखवाले लावलं. ती दुपारची येऊन बसते, शेंगा फोडतो आम्ही. लोक म्हणतात या दोघी भांडत काऊन नाही. भांडून पाह्यलं, पह्यल्या वर्षी. मंग दोघीले बी समजलं का दुसरीच्या घरी बी ताट तेवढंच रिकामं हाय. तिनं सगळं ऐकलं अन् इचारलं का साराले कोणी पुसलं होतं का, का नवऱ्यालेच परस्पर सांगतलं. सुवर्णानं सांगतलं का म्हातारपणी पोरगं होईन हे ती तंबूच्या मागून ऐकत होती अन् तिले हसू आलं होतं. पंचफुला म्हणे, हसू येईनच.

मंग ती गेल्यावर मले एक गोष्ट सुचली. मी बारा वर्स देवासंग रुसून बसली. मले वचन होतं म्हून रुसता आलं. पंचफुलाले कोणतंच वचन नाही. तिच्या इकडं असं कार्ड वाटत नाही, कोणी म्हणलं नाही तिले का तुही पोरगी परत येईन. ती तशीच वाट पाहून राह्यली, निस्ती. तिले रुसाले बी कोणी नाही. अन् मी तिच्याच समोर बसून बारा वर्स सांगत होती का माह्यं बाकी हाय. ती ऐकत होती अन् शेंगा फोडत होती.

गाडीच्या टायमाले मी आता उठतो. सुवर्णाले सांगू नको म्हणलं तं ती लिहूनच राह्यली.

तू ये. भाकर तुह्याच हातानं दे. घेईन का नाही, ते तवाच पाहू. सुनेले आशीर्वाद. सोबत दुपट्टा आण, इकडं पहाटे अजून गारवा हाय.

गोजरबाई शंकरराव


पुणे
३ एप्रिल २०२४

चि. सुवर्णास,
आशीर्वाद. वि. वि.

शुक्रवारची उपासना इकडे माझ्याकडे होती, म्हणून पहाटेच निघावे लागले. आई झोपली होती. तिला उठवले नाही. नीट निरोप झाला नाही हे मनात राहिले आहे.

गुरुवारी तू पेटीवर होतीस, तुला तिथून दिसले नसेल, म्हणून लिहितो. मी ताट घेऊन बाकांवरून फिरत होतो. आईपुढे आलो तेव्हा नेहमी म्हणतो ते शब्द मला आठवेनात. हा करार तुझा आहे, एवढेच म्हणालो. तिने ताटाकडे पाहिले, मग माझ्याकडे. लहानपणी मी खोटे बोलतो आहे का हे पाहायला ती तशी पाहायची. मग तिने एक तुकडा उचलला. चांगला मोठा उचलला. त्याचे दोन भाग केले. एक खाल्ला आणि दुसरा पदराच्या टोकाला बांधला. पेला मात्र सगळा घेतला.

भाकर तिथल्या तिथे खायची, बाहेर न्यायची नाही, हे मी वर्गात शिकवतो. एखाद्या विद्यार्थ्याने अशा वेळी काय करावे असे विचारले असते तर मी त्याला कलम दाखवले असते. मी ताट पुढच्या बाईपुढे नेले.

तो तुकडा तिने शंतनूसाठी ठेवला असणार. डब्यात वाळून जाईल, मुंग्या लागतील. तरी तू काढून टाकू नकोस, आणि तिला त्याबद्दल विचारूही नकोस. प्रभुभोजन घेतल्यावर तिचा रुसवा संपला असे मी धरून चालत नाही. पण बारा वर्षांनी माझ्या हातून तिने काही घेतले.

रात्री परतताना तिच्या चपलांचा आवाज माझ्या मागे येत होता. तो इथे ऐकू येत नाही, एवढेच.

तुझा,
प्रेमानंद


बीबी
११ एप्रिल २०२४

ती. दादास,
कृ. सा. सलाम. वि. वि.

तुझं पत्र मी आईला वाचून दाखवलं नाही. तू मोठ्या चर्चमधला माणूस, पण आपल्या आईच्या बाबतीत तू अजून अंदाजपंचेच आहेस. तो तुकडा शंतनूसाठी नव्हता.

तू शुक्रवारी निघालास, त्या दुपारी ती ऊन उतरायच्या आधीच चप्पल घालून निघाली. डॉक्टरांनी चढ चढायचा नाही म्हटलंय, म्हणून मी मागोमाग गेले. ती विहाराच्या गल्लीत गेली. दोनदा टेकली, एकदा किराणा दुकानाच्या पायरीवर, एकदा हापशापाशी. पंचफुलाबाई अंगणात ज्वारी पाखडत होत्या. गुरुजी आत टीव्हीसमोर होते. आईने पदराची गाठ सोडली आणि तो तुकडा त्यांच्या हातावर ठेवला.

हे काय, असं त्यांनी विचारलं. आमच्या देवाची भाकर आहे, काल अर्धी खाल्ली, अर्धी तुला आणली, असं आई म्हणाली. पंचफुलाबाईंनी मला पाहिलं. मग त्या म्हणाल्या की मी काही तुमच्यात येऊन नाही राह्यली गोजरे, हे सांगून ठेवतो. आई म्हणाली की तुले कोणी बोलावलं, आणलं म्हून खा. त्यांनी हात पुसला आणि तुकडा तोंडात टाकला. चावून झाल्यावर म्हणाल्या की यात मीठ नाही बाई. आई म्हणाली, नसतेच.

मग दोघी तिथेच ज्वारीपाशी बसल्या. मी चहा करायला आत गेले. गुरुजींनी तुझी चौकशी केली, एवढं शिकवायला असतं का देवाबद्दल, असंही विचारलं. मी बाहेर आले तेव्हा दोघींचं बोलणं रेणुकाच्या केसांवर आलं होतं, लहानपणी त्यात फणी जायची नाही वगैरे. आई तिला आजवर पंचफुलाची पोरगी म्हणायची. त्या दिवशी ती रेणुका म्हणाली.

वाट दोघी तशाच बघतात. त्यात काही कमी झालेलं नाही, उलट आता ती एकमेकींच्या लेकराच्या नावानेही बघतात, म्हणून मला दुप्पट दिसते. शंतनूचा काही पत्ता नाही. रात्री आईचा श्वास लागतो, मी उशी उंच करते.

पाळकांना यातलं काय सांगायचं ते कळव, किंवा कळवू नकोस. निघताना पंचफुलाबाई दारापर्यंत आल्या. त्यांनी आईला विचारलं की पुढच्या महिन्यात बी असते का ही भाकर. असते, असं म्हणून आई उंबऱ्यावरून उतरली.

तुझ्या मायेचा धागा असाच राहू दे. वहिनींना सलाम.

तुझी,
सुवर्णा